दाराच्या दोन फळ्या

चहा बशीत ओतून विसरायचे. खडूचे तुकडे सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. गाडीची शिट्टी झाली की बोलणं थांबवायचे, गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे.

रंगनाथ वालूरकर पूर्णेच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. मी शेजारचा, नुकताच मराठी घेऊन बी. ए. झालेला. विद्यापीठाचं नाव बदललं, त्या वर्षाची, म्हणजे १९९४ची अखेर होती.

त्यांच्या खोलीचं दार पत्र्याचं, दोन फळ्यांचं. दोन्ही फळ्यांवर खडूनं एकेक सिद्धांत लिहिलेला. दोन्ही अतिसममितीचे, म्हणजे प्रत्येक कणाला जोडीदार असलेले. डावीकडचे कण एकमेकांना इतके घट्ट धरतात की गणित अडतं. उजवीकडचे कण वेगळेच, पकड सैल, गणित सोपं. तरी दुरून पाहिलं तर जग एकच. याला ते द्वैत म्हणत.

तशी एक जोडी परदेशात नुकतीच सापडली होती. रंगनाथरावांनी स्वतःची नवी मांडली. जग खरंच एक असेल, तर दोन्ही फळ्यांवरच्या कणांच्या आकड्यांच्या बेरजा सारख्या यायला हव्यात. त्या जुळल्या तरच मुंबईच्या संशोधन संस्थेत ठरलेलं व्याख्यान द्यायला जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बेरजा जुळत नव्हत्या.

“मास्तर, दार हाय का पाटी?” घरमालकीण कडूबाई म्हणाल्या. “संक्रांतीला रंग द्यायचाय.”

“आधी जुळू द्या.”

“लगीन जुळवायलाव का? स्वतःचं तर जुळंना!”

मी विचारलं, “उजवीकडचा म्हणजे डावीकडच्याचा अनुवाद ना?”

“दोन्ही मूळच.”

“मग एकास एक कशाला शोधता? ‘माहेर’ इंग्रजीत सांगायला अख्खं वाक्य लागतं. आपल्याकडे एकच शब्द.”

त्यांनी बशी बाजूला सारली. मग उठले.

“साध्या जोड्या धरल्या मी. मधे तिसरा कण घेऊन बांधलेल्या राहिल्याच! डावीकडे तिघांची मोळी, उजवीकडे एकच कण.”

उजव्या फळीवर एक ओळ वाढली. पहिली बेरीज जुळली. दुसरीही. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण दोन्ही फळ्यांवर तोच आकडा होता. मी दारात उभाच राहिलो.

शेवटची बेरीज उरली आणि मुंबईच्या गाडीची वेळ झाली. ते दाराशी घुटमळले.

“जावा की,” कडूबाई म्हणाल्या. “ऱ्हायलेली तितं करा.”

ते गेले. संस्थेनं त्यांना काही महिने ठेवून घेतलं.

संक्रांतीला कडूबाईंनी दाराला निळा रंग दिला. उजव्या फळीचा खालचा कोपरा तेवढा सोडला. तिथं रंगनाथरावांनी शेवटच्या बेरजेपुढे खडूनं बरोबरचं चिन्ह काढलेलं आहे. पुढे कोरा पत्रा.