चिमट्यांना लावलेली वाक्यं

साळवे सर गेले, हे बापूंनी, माझ्या वडिलांनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी जालन्यात होस्टेलच्या जिन्यात उभी होते. माझ्या तोंडून तीनच शब्द निघाले. कसं? कुठं? कधी? बापू म्हणाले, "बसल्या बसल्या. घरातच. आज सकाळी." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हे प्रश्न मी सरांनीच लावून दिलेल्या क्रमानं विचारले होते. आता सव्वा महिना झाला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून मला लिहिता येतं असं घरचे धरून चालतात. मला तशी खात्री नाही. पण सरांबद्दलची एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, आणि ती माझ्या विरोधातली आहे...

कुंभार पिंपळगावात सरांच्या घराच्या पुढच्या खोलीत, शाळेच्या आधी, त्यांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. फळा नव्हता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनची दोरी बांधलेली आणि तिच्यावर कपड्यांचे चिमटे. गावात आलेल्या लग्नपत्रिका सर गोळा करायचे, कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापायचे आणि एकेका पट्टीवर वाक्याचा एकेक तुकडा लिहून दोरीला लावायचे. "मराठी माणूस आधी सांगतो कधी, मंग कुठं, मंग कसं, अन् काम सगळ्यात शेवटी. इंग्रजी माणूस काम सांगून मोकळा होतो, बाकीचं मागून." असं बोलत ते चिमटे सरकवायचे आणि आमच्या डोळ्यांदेखत मराठी वाक्य फिरून इंग्रजी व्हायचं. 'ऑलवेज' तेवढा रांग सोडून मध्येच घुसायचा. "हा एसटीत रुमाल टाकून जागा धरणारा," सर म्हणायचे. 'इन' म्हणजे पोट, 'ऑन' म्हणजे पाठ, 'ॲट' म्हणजे बोट ठेवलेली जागा. परीक्षेत अडले की आजही मला पुस्तक आठवत नाही, ही पोट-पाठ आठवते.

त्यांचा नियम एकच. वाक्य आपापल्या घरातलं पाहिजे. मी एकदा गाइडमधून उतरवून नेलं, माझे वडील रोज सकाळी कारनं ऑफिसला जातात. सरांनी पट्ट्या वाचल्या. "बापू कोणत्या ऑफिसला जाऊन राह्यले गं? आम्हालाबी कळू दे." वर्ग हसला. ज्यांच्या शेतात आई मजुरीला जायची, त्यांची मुलगी माझ्या शेजारीच बसलेली होती, तीही हसली. सरांनी तिथल्या तिथं नवीन पट्ट्या लिहून लावल्या. माझी आई भरभर कापूस वेचते, शेतात, सकाळी. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. घरी येऊन रडत सांगितलं तर आई भलत्याच गोष्टीवर रागावली. "सकाळीच? अन् दुपारच्याला मी काय बांधावर बसून राह्यते का? सांग तुझ्या सरला." मी खरंच सांगितलं. सरांनी शेवटची पट्टी काढली, दुसरी लावली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मग म्हणाले, "आता बराबर झालं. माउलीला माझी चूक झाली म्हणून सांग."

शाळेत ते तासिका तत्त्वावर होते. जूनमध्ये बोलावणं यायचं, मार्चमध्ये निरोप मिळायचा. शिक्षकांच्या नावांच्या पाटीवर त्यांचं नाव कधी चढलं नाही. आज त्याच शाळेच्या ऑफिसात त्यांचा हार घातलेला फोटो आहे आणि खाली 'आमचे आधारस्तंभ' लिहिलं आहे. पण शाळेला बोलायला मी कोण...

बारावीच्या परीक्षेआधी मी जालन्यात एका खासगी क्लासला पंधरा दिवस गेले होते. इंग्रजीत चांगले मार्क पडले, आणि क्लासवाल्यांनी सत्कार ठेवला. बापू आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले. शाल पडली, मोबाइल समोर धरला गेला. एकानं कागद दिला, मी वाचलं. "मी इंग्रजी शिकले ते या क्लासमुळे." सरांचं नाव घ्यावं असं मनात आलं होतं. बापूंकडे पाहिलं आणि राहू दिलं. जूनमध्ये त्या क्लासची शाखा आमच्या गावात उघडली. तिच्या फ्लेक्सवर माझा फोटो होता, आणि तो फ्लेक्स सरांच्या घराकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशीच लागला. सरांच्या वर्गातली वीस-बावीस मुलं चारवर आली. गणपतीपर्यंत तीही गेली.

दिवाळीत मी भेटायला गेले. दोरीवर नुसतेच चिमटे होते. सर म्हणाले, "व्हिडिओ पाह्यला तुझा. आवाज साफ आल्ता."

मी चहाची बशी जवळ ओढली.

"वाक्य तेवढं आखूड झालं."

"म्हणजे, सर?"

"काही न्हाई. चहा घे, थंड होऊन राह्यला."

जालन्याला परतताना बसमध्ये ते वाक्य मी मनातल्या मनात लांबवलं. कसं शिकले, कुठं शिकले, कधी शिकले... तिन्ही पट्ट्या माझ्याकडे होत्या. पुढच्या सुट्टीत जाऊन सरांना सांगू, दुसरा व्हिडिओ टाकू, असं ठरवलं. पुढच्या सुट्टीत परीक्षा आली. त्याच्या पुढच्या सुट्टीत धीर झाला नाही. नंतर बापूंचा फोन आला. त्या दिवशी गावातल्या शाखेनंही श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. माझ्या फोटोच्या शेजारीच.

गेल्या रविवारी काकूंकडे, सरांच्या पत्नीकडे, गेले. सरांच्या पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात होत्या. मी एका जुन्या पत्रिकेच्या पट्ट्या कापल्या आणि इंग्रजीत लिहून दोरीला लावल्या. मी इंग्रजी शिकले. हळूहळू. साळवे सरांच्या पुढच्या खोलीत. रोज, शाळेच्या आधी. काकू दारातून पाहत होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी मराठीत वाचून दाखवलं, आणि आता हे सगळ्यांना सांगणार आहे म्हणाले.

"सांग की," काकू म्हणाल्या. "पर ते इथं शिकवत बसलेले असताना सांगितलं असतंस, तर चार लेकरं तरी थांबली असती बाई."

काकू आत गेल्या, धुतलेल्या चादरींची बादली घेऊन आल्या.

"ते चिमटे दे जल्दी. बाहेर वारं लई सुटलंय."

मी एकेक चिमटा काढून त्यांच्या हातात दिला. शेवटचा दिला तेव्हा दोरी थोडी हलली आणि थांबली. काकू अंगणात गेल्या. पट्ट्या माझ्या हातात राहिल्या.