मिस नेटाचा चुकलेला ठोका

मिस नेटा गिल्यम यांनी एकतीस वर्षं समुद्राकाठच्या हॉटेलात चादरींना इस्त्री केली. आणि दर एकोणीस जूनला, जूनटीन्थच्या, म्हणजे गुलामीतून सुटकेच्या सणाला, गॅल्व्हस्टनच्या चौकात उभं राहून नुसत्या हातांनी गाव नाचवलं.

हॅम्बोन म्हणतात त्याला. तळहात मांडीवर, छातीवर, गालावर, आणि टाच जमिनीवर. हातात वाद्य नाही. गुलामीच्या काळात मालकांनी आमच्या लोकांचे ढोल काढून घेतले, कारण ढोलावरून निरोप जातात हे त्यांच्या ध्यानात आलं. मग लोकांनी अंगाचाच ढोल केला. मिस नेटा हे पाहुण्यांना हसत सांगायच्या, "कातडं तर काढून घेता येत नव्हतं ना." ऐकणाऱ्या गोऱ्यांची हसावं की नाही अशी पंचाईत व्हायची, आणि ती बघायला मला आवडायचं.

यंदा मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं महिन्याभरात परत आलं, जिभेला तर काहीच झालं नव्हतं. पण उजवा हात उशिरा ऐकायला लागला. कप उचलायचा म्हटलं की जरा थांबून निघायचा.

मेमध्ये चर्चच्या मागच्या खोलीत उत्सव समितीची बैठक झाली. चर्चचे एक कारभारी, डीकन टॉलिव्हर यांनी मांडलं की यंदा मिस नेटांना मंचावर खुर्ची द्यावी, गुच्छ द्यावा, आणि चौकात ह्यूस्टनचं ढोलपथक बोलवावं. मी उठून जे बोलले ते इतिवृत्तात घेतलेलं नाही. शाळा मी नववीत सोडली, पण माणसाला खुर्चीत बसवून कसं संपवतात हे मी सभा-समित्यांमधून पुष्कळ पाहिलंय.

डीकननी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "झेल्मा, हजार लोकांपुढे त्यांचा हात चुकला तर त्यांचं काय होईल, याचा विचार केलास?"

खरं सांगते, नव्हता केला. ठराव मात्र मी होऊ दिला नाही.

तशीच मिस नेटांकडे गेले. त्या ओसरीत मटार सोलत होत्या, हट्टानं उजव्या हातानं. सगळं सांगितलं. म्हणाल्या, टॉलिव्हरला म्हणावं गुच्छ माझ्या मयताला आण. मग परडी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरी, तुम्ही मला खुर्चीत बसवलंत ना, तर या हाताला वाटेल की संपलं. मग तो कधीच यायचा नाही."

त्यानंतर रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, ओसरीत सराव. मी पायरीवर बसून मोजायची. पाचात एकदा हात मागे राहायचा. मिस नेटा त्याला उशिरा घरी येणाऱ्या नवऱ्यासारखं फैलावर घ्यायच्या. "आलात? या. बाहेरच जेवून आलात वाटतं." मी हसायची आणि घरी जाताना रडायची. सण आला तरी पाचात एकदा ते पाचात एकदाच.

एकोणीस जूनला चौकात निखाऱ्यांवर भाजणाऱ्या बरगड्यांचा धूर, प्रत्येकाच्या हातात लाल सरबत. आधी दरवर्षीप्रमाणे तो जुना हुकूम वाचला, सगळे गुलाम मोकळे झाल्याचा. मग मिस नेटा मधोमध आल्या. इथली रीत अशी, की त्यांनी एक ओळ वाजवायची आणि गर्दीनं ती जशीच्या तशी परत करायची. वडीलधाऱ्या माणसानं दिलेली ओळ कुणी सुधारत नाही. जे येईल ते परत.

पहिली ओळ खणखणीत आली. दुसरीही. तिसऱ्या ओळीला डावा हात मांडीवर पडला आणि उजवा आलाच नाही.

चौकात पोकळी पडली. डीकन खुर्चीतून अर्धे उठले. मग उजव्या हाताचा ठोका छातीवर पडला, उशिरा.

आणि हजार हातांनी ती ओळ परत केली. तीच पोकळी, तोच उशिरा ठोका, एकदम. गर्दीत कुणाच्या मनातही आलं नाही की काही चुकलं. मागच्यांना वाटलं, म्हातारीनं यंदा नवीन वळण काढलंय.

मिस नेटांनी ते ऐकलं. मग त्यांनी तीच ओळ पुन्हा दिली, पोकळी मुद्दाम ठेवून, भुवया वर करून, लोकांना ताटकळत ठेवून. गर्दी श्वास रोखायची आणि ठोका पडला की फुटायची. सातव्या ओळीला डीकनचे सणाचे बूटही जमिनीवर आपटत होते.

संपल्यावर त्या माझ्या खांद्याला धरून सावलीत आल्या, घामानं निथळत. डीकन हातात ताट घेऊन मागोमाग आले. म्हणाले, तो नवा ठोका फार छान, मुद्दाम बसवला होता का?

"डीकन, आपल्या सुटकेची बातमी या गावात अडीच वर्षं उशिरा पोचली, आणि आपण तिचा सण करतो," मिस नेटा म्हणाल्या. "माझा हात एका ठोक्यानं उशिरा आला तर तुमचं काय बिघडलं? सरबत आणा."

डीकन आणायला गेले. मी फुटपाथवर बसले. मार्चपासून पहिल्यांदा मला खरी भूक लागली होती. डीकनचं ताट तिथंच राहिलं होतं. त्यातल्या दोन बरगड्या मी खाल्ल्या. परत आल्यावर त्यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिसरीही पुढे केली.