पानिपतहून दुसऱ्या मजल्यापर्यंत

प्रिय इरा आणि निहार,

आजोबा पानिपतला पडले, एवढं तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. पुढचं सगळं मी फोनवर "बरे आहेत" एवढ्यावर भागवत होते, कारण ते खरं ठरेल की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं. आज सकाळी ते काठी टेकत एकटे जिना उतरले आणि दूध घेऊन आले. आता लिहायला हरकत नाही.

दर संक्रांतीला दिल्लीतल्या आम्हा मराठी लोकांची बस पानिपतच्या काला अंबला जाते. लढाईच्या जागी हार घालायचा, तिथली चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि मग उन्हात बसून गुळाच्या पोळ्या खायच्या. यंदा आजोबा मातीसाठी वाकले, धुक्याने ओल्या झालेल्या फरशीवरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. जवळच्याच एका खाजगी रुग्णालयात ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं, हे मान्य केलं पाहिजे. त्यानंतर मात्र कुणी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही.

मी समोरच्या धर्मशाळेत राहत होते. भेटीची वेळ संध्याकाळी तेवढी. रोज आजोबा आदल्या दिवसापेक्षा कमी बोलत. एका संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "आपण कोण?" मी पांघरूण बाजूला केलं. चादर ओली होती आणि कमरेच्या वर कातडी सोलवटून निघाली होती.

"सिस्टर, इन्हें करवट (कूस) कौन देता है?"

"माताजी, वो अटेंडंट का काम है।"

"और अटेंडंट कौन है?"

"आप।"

"मग मला आत का येऊ देत नाही?" हे मात्र माझ्या तोंडून मराठीतच निघालं. ती पुढच्या खाटेकडे गेली.

मी दिल्लीतल्या आपल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "काकू, कुशीवर झोपवून घेऊन या. तिथेच असे पडून राहिले तर जखम हाडापर्यंत जाईल." दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नेते म्हणून सांगितलं. "बड़े डॉक्टर साहब सोमवार को आएँगे," असं उत्तर मिळालं. मी म्हटलं, सोमवारी त्यांना आमचा नमस्कार सांगा.

अॅम्ब्युलन्सचा चालक राजबीर हरियाणवी, मिशाळ आणि बोलका. "ताऊ (थोरले काका) नै इसा ले कै जाऊंगा, चाय बी कोनी छलकैगी," म्हणजे चहासुद्धा सांडणार नाही असं नेईन, म्हणाला आणि शब्दाला जागला. धुकं विरत होतं. दोन्ही बाजूंना मोहरी पिवळी झाली होती. मी आजोबांच्या पाठीमागे उशा लावून बसले होते. ते डोळे मिटून होते आणि माझं लक्ष त्यांच्याकडेच लागलं होतं.

मुरथलला ढाब्यांची रांग लागते. राजबीर चहासाठी थांबला, मागचं दार उघडलं आणि वास आत आला.

"कसला वास गं हा?"

तो "गं" ऐकून मी त्यांच्या तोंडाशी वाकले. मग म्हटलं, "पराठ्याचा."

"लोणी असेल?"

पांढऱ्या लोण्याचा गोळा घातलेला पराठा आणि दही आणलं. डोकं उंच करून मी बारीक घास भरवू लागले.

"एवढंसं काय देतेस? मी चिमणी आहे का?"

मी दुसरा पराठा मागवला. दिल्लीची हद्द लागली तेव्हा ते म्हणाले, "पानिपतहून परतलेले मराठे थोडेच. नोंद करून ठेव."

मुनिरक्याला घरापाशी उतरलो आणि मला एकदम आठवलं. त्या दुपारी माझं हळदीकुंकू होतं. प्रत्येक कामाची टिपणं करणारी तुमची आजी ते रद्द करायला विसरली होती. कुलूपबंद दारापासून खालपर्यंत सगळा जिना काळ्या साड्या नेसलेल्या बायकांनी भरला होता, आणि अॅम्ब्युलन्स पाहून त्या सगळ्या एकदम उठून उभ्या राहिल्या.

तळमजल्याच्या भाटिया आंटींनी हे पाहिलं आणि डोक्यावर ओढणी घेतली. "हाय रब्बा! भाईसाहब इतने भले आदमी थे!"

स्ट्रेचरवरून हात वर झाला. "भाभीजी, मैं सुन रहा हूँ।"

आधी आंटी किंचाळल्या, मग सगळा जिना हसला.

आपलं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि स्ट्रेचर वळणावर अडलं. तेव्हा कँटोन्मेंटमधल्या सुभेदारांची बायको, साताऱ्याकडची सुनंदा, पदर खोचून पुढे आली. "काकू, किल्ली द्या. घरातली सतरंजी आणते. काका, अंग सैल सोडा. आणि बायांनो, वाणाच्या पिशव्या ठेवा खाली!"

आजोबांना सतरंजीवर घेऊन बायकांनी कडा धरल्या. पायांकडे राजबीर, डोक्याशी मी. वळणावर सुनंदा ओरडली, "हळू! सिलिंडर नाही, माणूस आहे!"

"लग्नातसुद्धा माझा एवढा मान झाला नव्हता," आजोबा झोळीतून म्हणाले.

"गप्प पडा," मी म्हटलं. किती दिवसांनी म्हणता आलं!

त्यांना आपल्या पलंगावर कुशीवर निजवलं आणि मग मी प्रवासाच्याच साडीत सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, भाटिया आंटींनासुद्धा. पुढे महिनाभर त्याच बायका पाळीपाळीने येऊन मला त्यांची कूस बदलायला मदत करत होत्या. जखम भरली. मग वॉकर आला, मग काठी, आणि आज दूध.

ज्यावरून काला अंब हे नाव पडलं तो आंबा कधीच गेला. आता तिथे नुसता खांब आहे. आमच्याकडे एका कडेला उसवलेली सतरंजी उरली आहे, आजोबांच्या पाठीवर एक व्रण उरला आहे, आणि आजोबा आहेत.