कानामागची चकती

भोक दिसलं की गेजमामा त्यात डोळा घालायचे. नळाची तोटी असो, कुकरची शिट्टी असो, नाहीतर माझ्या लग्नात आलेला थर्मास. चाकणच्या आमच्या कंपनीत ते तपासणीला होते; मापायच्या गेजवरून सगळे त्यांना गेजमामा म्हणत. इंजिनच्या भागांची भोकं बारीक दुर्बिणीने आतून बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि मी त्यांच्या हाताखाली सतरा वर्षं काढली.

त्यांचा हट्ट एकच. मापाला बांधलेला जॉब, म्हणजे तपासायचा भाग, जरा हलला, की आधीची सगळी मापं रद्द. एकदा शिफ्ट सुटताना माझं कोपर लागलं. मी जॉब गुपचूप होता तिथे सरकवला.

"होता तितंच हाय म्हन्तोस? त्याला इचारलंस व्हय?" मामा लांबून ओरडले. कंपनीची बस निघून गेली. आम्ही दोघं परत शून्यापासून मापत बसलो.

रिटायर झाल्यावर त्यांचं डोकं दुखू लागलं. मेंदूच्या मधल्या पोकळीत गाठ निघाली. कवटीला छोटं भोक पाडून दुर्बिणीने काढायची ठरली. मामा घाबरायचे सोडून खूशच झाले. "डॉक्टर, नळी किती जाडीची? आन् आत वाट चुकली तर?"

डॉक्टर हसले. डोक्यावर चकत्या चिकटवून स्कॅन करायचं, त्या खुणांवरून दुर्बिणीचं टोक कुठे पोचलं ते पडद्यावर दिसतं, म्हणाले. फक्त ऑपरेशनपर्यंत चकत्या हलवायच्या नाहीत.

"बघ भावा," मामा मला म्हणाले, "हितं बी शून्य लागतंय."

स्कॅन झालं. मामी चहाला खाली गेल्या होत्या. मामांना घाम आला म्हणून मी टॉवेलने मान पुसली, आणि कानामागची चकती टॉवेलला चिकटून आली. कातडीवर पुसटसा गोल ठसा होता. त्यावर मी ती दाबून बसवली. सिस्टर दारातच होत्या. सांगितलं असतं तर स्कॅन परत, ऑपरेशन पुढे. पण खरं कारण ते नव्हतं. मला लाज वाटली. स्ट्रेचर आलं, मी गप्प राहिलो.

गाठ निघाली. मामा चालू लागले, जुनं सगळं सांगू लागले. पण नवं काही टिकेना. प्यालेला चहा दहा मिनिटांत विसरायचे. डॉक्टर म्हणाले, गाठ आठवणीच्या धाग्यांना चिकटली होती, असं कधी कधी होतं. एखादी चकती हलली असती तर, मी विचारलं. "सुरुवातीला पडताळतो आम्ही. जुळली नाही तर ती सोडून देतो." मग माझी जुळली होती, की सोडली होती? ते न विचारताच मी उठलो.

काळेवाडीला त्यांच्या घरी एका रविवारी मी मामांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळाने वळून म्हणाले, "कवा आलास रं?"

पुढच्या रविवारी पुन्हा सांगितलं. ते खदखदून हसले. "मशीनला कळत न्हाई व्हय? येडा हायस!" दोन्हींतलं खरं कोणतं धरू? मी तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या मामींकडे बोट दाखवलं.

"हिला सांगितलंस?"

"नाही, मामा."

"मी इसरतो म्हनून मला सांगतोस व्हय?"

जरा वेळाने मामी चहा घेऊन आल्या, तोवर मामांचा चेहरा पुन्हा कोरा झाला होता. "मामी, जरा बसता का?" मी म्हणालो. त्या बसल्या. मी सांगू लागलो, आणि मामाही कप हातात धरून पहिल्यांदाच ऐकू लागले.