वरच्या काकांचा पंचा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना एका जागी बसलेलं पाहिलं, असं जयपुरात कोणी म्हणालं तर तो माणूस थापा मारतोय असं खुशाल समजावं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर साताऱ्याला परतायचं सोडून हा गृहस्थ इथल्या मानसरोवर वस्तीत आमच्या डोक्यावर राहिला, तो केवळ सांगानेरच्या विमानतळावर उतरणारी विमानं या गच्चीवरून जातात म्हणून. घर घेताना माणसं पाणी बघतात, शाळा बघतात. काकांनी दलालाला गच्चीवर नेऊन आकाश बघितलं. घरघर ऐकू आली की हातातलं टाकून ते वर धावतात आणि खांद्यावरचा पांढरा पंचा जोरजोरात हलवतात. मग दाढी अर्धी झालेली असो, नाहीतर सत्यनारायण मांडलेला असो. एकदा संकल्पाचं पाणी तळहातावर घेतलेलं, ते तसंच घेऊन जिना चढले. गुरुजी ताटकळले. काकू म्हणाल्या, "बसा हो, उतरतंय ते. आत्ता येतील."

काकांचे थोरले भाऊ हवाई दलात बॉम्बफेकी विमान चालवायचे. एकाहत्तरच्या लढाईत ते गेले. ना विमान सापडलं, ना दादा. शेवटच्या सुट्टीत त्यांनी धाकट्याला सांगितलं होतं, "घरावरून गेलो तर पंख हलवीन. तू पांढरं काहीतरी हलव." धाकटा सत्तरीला टेकला, पण अजून शब्द पाळतोय. दादांच्या फोटोला हार नाही, पितृपक्षात त्यांच्या नावाचं पान नाही. वाढदिवसाला मात्र शिरा होतो, आणि तो अख्ख्या कॉलनीला संपवावा लागतो.

अशा माणसाने बागेत दादांच्या नावाचा दगड बसवा म्हणून कॉलनीच्या कमिटीला भंडावून सोडलं. अध्यक्ष फिरायला निघाले की काका फाटकात; त्यांनी वाट बदलली की काका दुसऱ्या फाटकात. कमिटी कशीबशी मानली आणि मजकुरावर घोडं अडलं. अध्यक्ष म्हणाले, "काकाजी, नाम के आगे शहीद तो लिखना पड़ेगा."

"बिलकुल नहीं! मतलब, सिर्फ नाम लिखो."

"जो ज़िंदा हो, उसका पत्थर नहीं लगता, काकाजी."

यावर काका तडक घरी परतले. पुढे कितीतरी दिवस वरच्या येरझाऱ्यांनी आमच्या छताला चैन नव्हतं. मग एका सकाळी ते दारात उभे. "शहीद लिहा म्हणून सांगून आलो," म्हणाले. "आम्हाला मूलबाळ नाही. आमच्यामागे त्याचं नाव कोण घेणार? दगड तरी घेईल." चहा घ्या म्हणेपर्यंत ते जिना चढूनही गेले होते.

अनावरणाला कमिटी कापड आणायला विसरली. काकांनी खांद्यावरचा पंचा काढून दगडावर घातला आणि टाळ्या पडल्यावर स्वतःच ओढला. नेमकी तेव्हाच घरघर आली. सगळ्यांच्या माना सवयीने वर गेल्या. कोणीतरी ओरडलं, "काकाजी, हवाई जहाज!"

काकांनी वर पाहिलं नाही. हातातल्या पंच्याने त्यांनी दादांच्या नावावरची धूळ पुसली, एकेका अक्षरावरून सावकाश. मग शेजारच्या बाकावर ते बसले. खरंच बसले, पाठ टेकून.

विमान डोक्यावर आलं होतं. एवढ्या वर्षांत पंचा हलल्याशिवाय ते कधी गेलं नव्हतं. मला राहवेना, मी खिशातला रुमाल काढला आणि हलवला.