ऐंशीच्या लेनमध्ये

गाडीच्या मागे ट्रेलर लावला की जर्मनीत ऐंशीच्या पुढे जायचं नाही. हा नियम मला त्या सप्टेंबरात एकदम आवडायला लागला. एरवी मी डाव्या लेनची बाई. पुढची गाडी जरा रेंगाळली की माझ्या तोंडून जे निघतं ते इथल्या कुणाला कळत नाही म्हणून बरं. शेजारी नवरा वरच्या हँडलला लटकून "अगं, अगं" करत असतो. पण लेक हॅम्बर्गला शिकायला निघाली आणि मला वाटलं, हा रस्ता संपूच नये बाई.

कारण सांगते. गेली दोन वर्षं माझी मुलगी माझ्याशी दारातून बोलत होती. खोलीचं दार वीतभर उघडायचं, कानात ते इअरफोन, मी मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये दोन शब्द टाकायचे, दार बंद. भांडण नव्हतं. भांडण असतं तर परवडलं असतं, भांडायला मला येतं. आणि आता ती ते दारही घेऊन चालली होती. मला जाण्याआधी तिचा एक दिवस हवा होता. सबंध, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मधे दार नसलेला.

नवरा म्हणाला, "दोन बॅगा घेऊन ट्रेननं जाईल की. पलंग नि टेबल काय तिकडे मिळत नाहीत?" मिळतात. त्याचं बरोबर होतं, म्हणून मी आवाज चढवला. तिचं टेबल, तिचा पलंग, सायकल, मिक्सर, डाळ-तांदळाचे डबे, सगळं मीच पोचवणार म्हटलं. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं आणि त्यांचा ताडपत्रीवाला ट्रेलर गॅरेजात नुसता उभा होता. टायर गेल्याच वर्षी बदललेले. तो मी घेऊन टाकला. पुढचे दोन रविवार सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मी तो उलटा घ्यायला शिकत होते. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, हे मेकॅनिकल इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा लांब उभा राहून हातवारे करायचा, आणि मी काच खाली करून त्याला घरी जायला सांगायचे.

ट्रेलरला इथे स्वतःचा वेगळा नंबर असतो, विमा वेगळा, तपासणी वेगळी. नाव बदलून घ्यायला आम्ही दोघं झुलासुंग्सश्टेलेत, म्हणजे इथल्या आरटीओत गेलो. नवऱ्यानं एवढी जाडजूड फाइल आणलेली. त्याचं असं की, लग्नाआधी बंगलोरला नोकरी करताना तो एमएच बाराची गाडी घेऊन फिरायचा, आणि तिथल्या आरटीओनं त्याला भर रस्त्यात अडवून, दुसऱ्या राज्याची गाडी म्हणून टॅक्स भर, एनओसी आण, असं करून महिनाभर पिळलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तो काउंटरवरच्या बाईंना गंभीरपणे म्हणाला, "हा ट्रेलर आम्ही हॅम्बर्गला नेणार आहोत. ते वेगळं राज्य आहे. त्यासाठी कोणता परवाना?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "ट्रेलर तिकडेच राहणार का?"

"नाही. सामान उतरवून परत."

"मग?"

"मग... सरहद्दीवर काही दाखवायचं?"

"हॅम्बर्गच्या सरहद्दीवर?" बाई बिचाऱ्या हसल्या नाहीत, पण शेजारच्या काउंटरवरचा माणूस खोकायला लागला. शेवटी त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, की हा सगळा एकच देश आहे, कुठेही जा. ट्रेलर तिकडेच मुक्कामाला राहिला तर तिकडे नोंद करा, आणि तेव्हाही हाच नंबर ठेवता येईल. नवऱ्याचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी त्याचं बंगलोरचं कर्ज माफ केलं. तो समोरच्या दुकानात नंबरप्लेट बनवून आणायला धावला.

तो गेल्यावर बाईंनी कागद उलटला नि मला म्हणाल्या, "याला शंभरची परवानगी आहे बरं का. मागे गोल पाटी आहे, टायर नवे आहेत. ऐंशीनं जायची गरज नाही." त्यांना वाटलं, मी खूश होईन. मी "या, या, गेनाऊ", म्हणजे हो हो, अगदी बरोबर, असं म्हटलं आणि मनात ट्रेलरला म्हटलं, मेल्या, कुणी सांगितलं होतं तुला शंभर व्हायला!

शंभरनं गेलं की दुपारी पोचतो. ऐंशीनं दिवेलागणीला. हिशोब सरळ होता. घरी आल्यावर मी जेवताना मुद्दाम जाहीर केलं, "ट्रेलर आहे, ऐंशीच्या वर जायचं नाही. नियम म्हणजे नियम." नवऱ्यानं मान हलवली. लेकीनं ताटातून वर बघितलं, एक क्षणभर, आणि पुन्हा खाली.

निघायच्या सकाळी स्वयंपाकघरात कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक जमिनीवर पडलेलं दिसलं. फ्रिजवर ते एका गोगलगाईखाली अडकवलेलं असायचं. ती गोगलगाय लेकीनं किंडरगार्टनात केलेली. कणकेत मीठ मळून, भाजून, वर निळा रंग नि वार्निश, चांगली बशीएवढी. मागे तिथल्या बाईंनी इतकं दांडगं लोहचुंबक चिकटवलं होतं की फ्रिजवरून ओढून काढताना बोटं दुखायची. इतकी वर्षं ती तिथे होती. आता नव्हती. म्हणजे पोरीनं ती सामानात घातली. माझा जीव एवढासा झाला नि लगेच एवढा मोठाही झाला. काहीतरी नेतेय म्हटलं घरातलं, तिच्या फ्रिजवर लावायला.

गाडीत मागची सीट पाडून सायकल घातल्यामुळे दोघींपुरतीच जागा उरली होती. मी पुढे जोडणी बघत होते, लेक मागे ताडपत्रीच्या दोऱ्या बांधत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालेलं. पाटी तिच्या नाकासमोर होती! पण ती हात झटकत आली आणि गुपचूप गाडीत बसली. मग नवरा दिवे तपासायला मागे उभा राहिला. मी ब्रेक दाबला, इंडिकेटर दिले. तो बराच वेळ तिथेच. आता बोंबलणार हा, म्हटलं. पण तो खिडकीशी आला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि "सगळं लागतंय. निघा. सावकाश जा," म्हणाला. याला घरातली मीठ-साखर दिसत नाही, पाटी काय दिसणार, असं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला.

उजव्या लेनमधून ऐंशीनं जाणं म्हणजे वेगळाच देश आहे. इतकी वर्षं मी या रस्त्यावरून गेले नि मला तो कधी दिसलाच नव्हता. शेतांवर धुकं होतं, त्यातून पवनचक्क्यांची नुसती पाती वर येत होती, खाली खांबच नाही. पुढे एक निळा ट्रक. मागे एक पिवळा. आम्ही तिघं जणू एका दोरीत. डोंगर यायचे, सावकाश जवळ येऊन सावकाश मागे जायचे. एका पुलावर एक आजोबा कुत्र्याला घेऊन उभे होते, त्यांचा कुत्रा आमच्याकडे बघत होता, आणि मला त्या कुत्र्याचा चेहरा नीट दिसला. एकशेसाठनं जाताना कुत्रा दिसतो का कधी?

फ्रँकफुर्ट मागे पडलं तेव्हा लेकीनं इअरफोन काढून ठेवले. मी नजर रस्त्यावरच ठेवली. झाडावर पक्षी बसला की हलायचं नसतं. थोड्या वेळानं तिनं दशमीचा डबा उघडला, शेंगदाण्याची चटणी लावून एक घास माझ्या तोंडात दिला, आणि मग डोळे मिटून झोपली. तोंड किंचित उघडं, लहानपणी मागच्या सीटवर झोपायची तस्सं. मी सत्तरवर आले. मागच्या पिवळ्या ट्रकनं दिवे मारले. मार बाबा.

कासेलच्या चढावर ती जागी झाली, आणि तेवढ्यात गाडीमागे ओढलेली एक कॅरॅव्हॅन आम्हाला मागे टाकून गेली. तिच्या पाठीवर गोल पांढरी पाटी, शंभर. लेक त्या पाटीकडे बघत राहिली.

"त्यांना परवानगी असते," ती जर्मनमध्ये म्हणाली.

"असेल," मी म्हटलं.

"आपल्याला नाही."

"नाही."

"श्योन," म्हणजे छान, असं म्हणून तिनं बूट काढले आणि पाय वर घेऊन मांडी घातली.

मग ती बोलायला लागली. ती जर्मनमध्ये, मी मराठीत, आमचं तसंच असतं. तिथल्या खोलीत ओल असली तर काय करायचं. सोबत राहणाऱ्या मुली आवडल्या नाहीत तर. शिक्षणच आवडलं नाही तर. ती घाबरली होती. इतके दिवस दाराआड ही घाबरून बसली होती आणि मी बाहेर उभी राहून चिडत होते! मी म्हटलं, नाही आवडलं तर फोन कर, ट्रेलर आहेच आपल्याकडे. ती हसली.

"आई," ती म्हणाली, तेवढा एकच शब्द मराठी, "तू इकडे आलीस तेव्हा आजी रडली का?"

मी तिला खरं ते सांगितलं. माझी आई विमानतळावर आलीच नाही. टॅक्सी दारात उभी आणि ती म्हणाली, गॅसवर दूध आहे, तुम्ही निघा. मी रागावून निघाले. पुढे कितीतरी वर्षांनी बहीण म्हणाली, गॅसवर काहीही नव्हतं. हे सांगताना माझा रस्ता धूसर झाला, आणि लेकीनं हात लांब करून वायपर लावला. पाऊस नसताना! दोघी इतक्या हसलो की मला लेन सांभाळणं अवघड झालं.

मधे एका थांब्यावर चहा घेतला. मी मुद्दामच ट्रेलरच्या मागे गेले नाही, तिलाही जाऊ दिलं नाही. उगाच पाटी आठवायला नको. नंतर हॅम्बर्गच्या अलीकडचे ते सपाट माळ, सोनेरी ऊन, आणि शेजारी माझी पोर बडबडतेय. मला आता वाटतं, ते स्वप्नच होतं, फक्त मागे ट्रेलर बांधलेलं.

हॅम्बर्गला पोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि अर्थातच पाऊस. सोबतच्या मुली मदतीला धावत आल्या. चांगल्या होत्या. लेकीनं मागची फळी खाली पाडली, मी पुढून दोऱ्या सोडल्या, बघता बघता सामान वर गेलं. रात्री मी तिच्या खोलीत गादीवर झोपले. सकाळी सगळे डबे लावून दिले आणि तिच्या फ्रिजकडे बघितलं. गोगलगाय नव्हती. खोक्यांत बघितलं, नव्हती. विचारायला तोंड उघडलं नि मिटलं. टाकून दिली असेल, म्हटलं. मोठी झाली पोर, काय करायचीय तिला ती कणीक. निरोप घेताना तिनं मला घट्ट मिठी मारली आणि लगेच आत पळाली. मी गाडीत बसले ती डोळे पुसत नाही, चक्क रागावून. एक गोगलगाय नेता आली नाही हिला!

रिकामा ट्रेलर खडखडत होता. आता कशाला ऐंशी? शंभर तर शंभर. पण थोडं पुढे गेल्यावर मागे काहीतरी फडफडायला लागलं, दोरी सुटली असणार, म्हणून एका थांब्यावर गाडी घेतली आणि मागे गेले.

मागच्या फळीवर, शंभरच्या लोखंडी पाटीवर गोगलगाय बसली होती. बरोब्बर आकड्यांवर. निळी, ओली, एक शिंग तुटलेलं.

मला आधी काही कळेचना. मग एकदमच सगळं कळलं. पोरीला उन्हाळ्यातच लायसन्स मिळालं होतं. त्या परीक्षेत ट्रेलरचे नियम पाठ करावे लागतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दारातल्या ट्रेलरची पाटी बघून तिला, मी जेवताना जाहीर केलं तेव्हाच, माहीत होतं. मी तिथेच ट्रेलरच्या फळीला टेकून रडले. शेजारच्या ट्रकमधला माणूस उतरून विचारून गेला, गाडी बिघडली का.

मी नवऱ्याला फोन लावला. "अरे, तू मागे उभा होतास. तुला गोगलगाय दिसली नाही?"

"दिसली की. मला वाटलं, तूच लावलीस."

"म्हणजे तिच्याखाली काय आहे ते तुला ठाऊक होतं?"

"शंभर. कागदावर लिहिलंय, फाइलला मीच लावला ना तो." मग तो म्हणाला, "म्हटलं, जाऊ देत सावकाश."

गोगलगाय नि पोटात पाय! बाप आणि लेक, दोघंही. आणि मी आपली शहाणी, सगळ्यांना फसवलं म्हणून बसलेली. दोन वर्षं मी तिचा एक दिवस मागत होते. तिलाही माझा हवा होता.

मी डोळे पुसले, सुटलेली दोरी बांधली. गोगलगाय काढायला हात पुढे केला, मग तशीच राहू दिली. आणि उजव्या लेनला लागले, ऐंशीनं.