तीनशे चारचा कॅम

गॅरेजमध्ये किस्से कुणी ठरवून घडवत नाही. इंजिनाखाली ठेवलेल्या ट्रेमध्ये तेल ठिबकावं तसे ते साठतात आणि कधीतरी कुणाचा तरी पाय लागून सांडतात. महाडला हायवेलगत आमचं गॅरेज आहे. बाबा मालक, गणूकाका जुने फिटर आणि मेकॅनिकलची डिग्री घेऊन त्यांच्यात लुडबुडणारी मी. मैत्रिणी हे किस्से ऐकून हसतात. सांगताना माझी मात्र कानशिलं तापतात.

आणि हो, मी दचकते. पाना पडला, हॉर्न वाजला, टायरची हवा सुटली की दचकते. गॅरेजला तेवढंच माहीत आहे माझ्याबद्दल.

*

एका सकाळी फोन वाजला. (दचकले.)

"गॅरेज ना? मेकॅनिकला द्या."

"बोला, मीच."

"नाय ओ ताई, मेकॅनिकला. माणसाला द्या!"

दिला माणसाला. गणूकाकांनी दोन मिनिटं "हा, हा, बरोबर हाय" केलं, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"गो, कॅमची डिग्री म्हंजे काय?"

*

फोनवाला होता कापडे गावचा प्रशांत. मुंबईत नोकरी, शनिवारी गावी. दुसऱ्या दिवशी जुनी पेट्रोल गाडी घेऊन आला, सोबत आई. मोबाईल पुढे धरून म्हणाला, "तीनशे चार डिग्रीचा कॅमशाफ्ट टाकायचा. सगळ्यात मोठा हाच आहे."

सगळ्यात मोठा! जशी भज्यांची प्लेट मागवतोय!

मी समजावलं. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी आणि किती वेळ उघडायचे ते ठरवणारा दांडा. डिग्री वाढली की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात. वरच्या आरपीएमला गाडी सुसाट, पण खाली जीवच नाही. शिवाय गाडीला टर्बो नाही, साधं इंजिन. घाटातल्या वळणावर ताकद खालीच लागते. दोनशे चौसष्ट पुष्कळ झाला.

प्रशांत बाबांना म्हणाला, "काका, तुम्ही सांगा ना काहीतरी."

बाबा म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणेल ते."

बाकावर बसलेल्या त्याच्या आईने तेवढ्यात विचारलं, "आनि घाट उतरताना गो?"

हा प्रश्न अख्ख्या गॅरेजात एकट्या काकींना सुचला.

"काकी, मोठा कॅम असला की गाडी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढल्यावर, हवा नीट खेचत नाही, आणि त्या ओढीवरच ब्रेक हलका चालतो. क्लच दाबून उतारावर दोनतीनदा ब्रेक मारला की पुढच्या वेळी पायाखाली दगड!"

"मंग काय करायचा?"

"हँडब्रेक ओढायचा. सगळा जोर लावून."

प्रशांत हसला. "आई, ती घाबरट आहे. मघाशी टायरची हवा सुटली तर केवढी दचकली!"

*

असला कॅम बिरवाडीच्या एका कामगाराने दुसरीकडून बसवून घेतला होता. नाक्यावर उभी केली की गाडी अशी लग-लग-लग हलायची, पोरं व्हिडिओ काढायची. एकदा पाहुण्यांना सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन निघाला. साध्या चढावर गाडी बसली. चौघं पाहुणे उतरले, ढकलत वर नेली.

आमच्याकडे आला तेव्हा मी म्हटलं, "कॅम बदला."

तो म्हणाला, "कशाला? पाहुणे उतरले की लय भारी चालते!"

*

ऑर्डरच्या चिठ्ठीवर मी माझ्या हाताने २६४ लिहिलं होतं. पार्सलमधून ३०४ निघाला. बाबांनी परस्पर फोन केला होता. मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आमच्याकडे मोठा पार्ट आला की आधी त्याची पूजा होते. मी जेवून परत येते तर कॅम देवासमोर चकाचक, हळदकुंकू लावलेला.

"काका, ह्याच्यावर काळी पेस्ट होती ती कुठंय?"

"पेट्रोलनं धुतली. देवापुढं काळा, चिकट ठेवायचा काय?"

मी ओरडलेच! नव्या कॅमला पहिल्या चालीला वाचवायला असते ती पेस्ट. कोरडा फिरला तर वीस मिनिटांत घासून जाईल! धावत जाऊन दुसरी ट्यूब शोधली, कुंकू पुसून हाताने पेस्ट लावली. जो कॅम मला नको होता, तोच मी वाचवत बसले होते.

गणूकाका नाराज. "पेस्ट लावायची व्हती तं देवाला आधी सांगायचंस."

*

इंजिन सुरू झालं. मी इंजिनाची ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज लावलं. काटा खाली, आणि नुसता थरथरत होता.

"बघा. ब्रेकला ओढ नाही."

गणूकाका म्हणाले, "गेज बिघडलंय."

बाबांनी शेजारच्या गॅरेजातून दुसरं आणलं. तोही काटा तसाच थरथरला.

बाबा म्हणाले, "दोन्ही बिघडलीत."

तेवढ्यात गॅरेजातल्या पोरांपैकी कुणीतरी गाडीत बसून मुद्दाम ॲक्सिलरेटर दिला. सायलेन्सरमधून फाट्! मी दचकले, हातातला नट इंजिनात पडला. सगळे पोट धरून हसले. मग दुपारपर्यंत सगळ्यांनी मिळून तो नट शोधला. मी बाकावर बसून चहा प्यायले.

*

शनिवारी प्रशांत गाडी घेऊन गेला. आई शेजारी. जाताना मी पुन्हा म्हटलं, उतारावर क्लच दाबू नकोस. तो म्हणाला, "ताई, तू चहा पी."

रविवारी अकराच्या सुमारास फोन वाजला. मी दचकले. बाबांनी उचलून स्पीकरवर टाकला.

"काका..." प्रशांतचा आवाज नुसता थरथरत होता. "गाडी घाटात... कठड्याला टेकून उभी हाय. लागलं नाय कुणाला. ब्रेकच दबला नाय, काका. मेकॅनिकला द्या."

बाबांनी सवयीने फोन गणूकाकांपुढे धरला.

"हा, बोल—"

"त्याला नको रे!" मागून काकींचा आवाज आला. "ती पोरगी कुठाय? दचकते ती? तिला दे!"

बाबांनी फोन माझ्याकडे वळवला. मी फोन घेतला.

"काकी, हँडब्रेक ओढलाय का?"

"मीच ओढला गो, सगळा जोर लावून. नं चावी माझ्या कमरेला हाय. ह्याला मी येष्टीनं घरी नेते. तू ये नं गाडी घेऊन जा."